शिकवले कोणी, सवलत कोणाला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या दातिवऱ्यात पैशाचे वर्ष एप्रिलला सुरू होत नाही. ते सुरू होते नारळी पौर्णिमेला. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी घरात आणि गाठीला असेल तेवढ्यावर चूल. नेमके याच दोन महिन्यांत दहावी-बारावीचे निकाल हाती पडलेले असतात आणि कॉलेजचे प्रवेश चालू असतात. समुद्र काही देत नाही आणि कॉलेज मागायचे थांबत नाही, अशी ही गाठ आहे. वैतरणेच्या खाडीच्या तोंडाशी, अर्नाळ्याच्या समोरच्या काठावर वसलेल्या आमच्या गावातल्या कितीतरी घरांनी ही गाठ दरवर्षी सोडवली आहे. कोणी बांगडी गहाण ठेवून, कोणी मासळीच्या व्यापाऱ्याकडून पुढच्या हंगामाची उचल घेऊन, तर कोणी नोकरीला लागलेल्या थोरल्या भावाच्या पगारावर.

मी स्वतः बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब विभागात अनेक वर्षे काम केले. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कामगारांचे इन्कम टॅक्सचे कागद गोळा करायचे, विम्याच्या पावत्या, पोस्टाची पासबुके, मुलांच्या फीच्या पावत्या तपासायच्या, हे काम माझ्याकडे असे. त्या पावत्या चाळताना मला एक प्रश्न नेहमी पडायचा. मुलाला शिकवले कोणी, हे घर एका तऱ्हेने सांगते आणि सरकार दुसऱ्या तऱ्हेने मोजते. हा फरक आला कुठून? आज त्याच प्रश्नाचा थोडा इतिहास आपल्यापुढे मांडायचा आहे.

सुरुवात जरा मागून करू. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. पाठोपाठ १८६० साली जेम्स विल्सन यांनी हिंदुस्थानात पहिला प्राप्तिकर आणला. बंडाच्या खर्चाने रिकामी झालेली तिजोरी भरणे हा त्याचा हेतू. म्हणजे विद्यापीठ आणि इन्कम टॅक्स ही दोन्ही आपल्याकडे जवळजवळ एकाच वेळी आली. पण त्यांची एकमेकांशी ओळख व्हायला शंभरावर वर्षे लागली. विल्सनचा कर पाच वर्षांत उठला. १८८६ साली प्राप्तिकर पुन्हा आला तो कायमचा, आणि त्या कायद्याने शेतीचे उत्पन्न करातून वगळले. ती वगळणूक आजही चालू आहे. आमच्या गावापुरता त्याचा अर्थ सांगतो. वाडीतले नारळ, केळी, फुले विकणाऱ्याचे उत्पन्न शेतीचे, म्हणून करमुक्त. त्याच्याच शेजारी समुद्रावर जाणाऱ्याचे उत्पन्न मात्र धंद्याचे. कायद्याच्या लेखी समुद्र हे शेत नव्हे.

पण शेतकऱ्याला प्राप्तिकर नव्हता म्हणून तो शिक्षणासाठी काही देत नव्हता असे नाही. १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसवली गेली आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला गेला. उरलेला बहुतेक रस्त्यांसाठी. तेव्हा आमचा भाग ठाणे जिल्ह्याच्या माहीम तालुक्यात मोडत होता. सारा भरणारा इथला रयतही ही पट्टी भरत होता. त्याचे पोर शाळेत जावो अथवा न जावो.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी दिलेले निवेदन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. सरकारी महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो आणि सरकार मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उदार हाताने खर्च करते, रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यांनी त्याच निवेदनात केली. शिक्षणाचा खरा खर्च कोण करतो आणि फळ कोणाच्या पदरात पडते, हा हिशेब आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच कोणी मांडला असेल.

दुसरा हिशेब कोर्टात लागला. एकत्र कुटुंबातला एक मुलगा घरच्या सामाईक पैशावर शिकला, वकील झाला, डॉक्टर झाला, आणि कमवू लागला. त्याची कमाई कोणाची? जुन्या हिंदू कायद्याचा कल असा, की कुटुंबाच्या पैशाने विशेष शिक्षण घेतले असेल तर त्या विद्येची कमाईही कुटुंबाची. १९२१ साली गोकळचंद विरुद्ध हुकूमचंद या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने आय.सी.एस. झालेल्या एका अधिकाऱ्याची कमाई याच न्यायाने सामाईक ठरवली. त्यावर बराच गदारोळ झाला. शिकलेल्या पिढीला वाटले, आयुष्यभर राबायचे आणि वाटणीला सगळे भाऊबंद! शेवटी बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९३० साली विद्येच्या कमाईविषयीचा कायदा झाला. शिक्षण कोणाच्याही पैशाने झालेले असो, विद्येवर मिळवलेले धन त्या माणसाचे स्वतःचे, असे त्याने ठरवले. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

कायदा योग्यच होता, यात शंका नाही. माणसाला आपल्या कष्टाचा मालक होता आले. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ज्या काकाने, ज्या थोरल्या भावाने आपले शिक्षण सोडून धाकट्याला शिकवले, त्याचा खर्च कायद्याच्या वहीतून पुसला गेला. तो आता केवळ मायेचा व्यवहार राहिला. मायेची पावती मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतर प्राप्तिकराने कुटुंबाकडे पाहायला सुरुवात केली. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५५च्या अर्थसंकल्पात विवाहित आणि अविवाहित करदात्यांना वेगवेगळी करमुक्त मर्यादा आली. घरसंसार चालवणाऱ्याला थोडी जास्त सूट, हा त्यामागचा विचार. कॉलेजचा खर्च मात्र अजून कायद्याच्या नजरेत नव्हता. १९६१च्या प्राप्तिकर कायद्याने शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त ठेवली, पण खिशातून फी भरणाऱ्याला काही दिले नाही.

त्या काळात महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफी मिळू लागली. आपल्या पिढीला ती ‘ई.बी.सी.’ या तीन अक्षरांनी माहीत आहे. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असल्याचा दाखला आणा, आणि फी माफ. आज ती रक्कम ऐकून हसू येईल, पण त्या दाखल्यावर खेड्यापाड्यांतली किती मुले कॉलेजची पायरी चढली! ई.बी.सी. आणि इन्कम टॅक्सची वजावट यांत मूलभूत फरक आहे. ई.बी.सी.त फी भरण्याआधीच ओझे उतरते. वजावटीत आधी पूर्ण फी भरायची, मग वर्षअखेरीस करातून थोडे परत मिळवायचे. आणि तेही कर लागत असेल तरच.

कायद्यात उच्च शिक्षणाच्या खर्चाला थेट जागा मिळाली ती १९७५च्या अर्थविधेयकाने. कलम ८० एफएफ नावाचे एक छोटेसे कलम त्याने आणले. काही ठरावीक करदात्यांना उच्च शिक्षणावरच्या खर्चाची वजावट त्यातून मिळू लागली. १ एप्रिल १९७६ पासून ते लागू झाले आणि १९८०च्या वित्त कायद्याने ते वगळले. जेमतेम पाच वर्षांचे आयुष्य. आज जुन्या पुस्तकांतल्या तळटिपेखेरीज त्याची आठवण कुठे राहिलेली नाही.

पुढची चौदा वर्षे शांततेत गेली. डॉ. मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना १९९४च्या वित्त कायद्याने कलम ८० ई आणले. या वेळी वजावट होती शैक्षणिक कर्जाच्या परतफेडीची. पण अट अशी, की कर्ज स्वतःच्या शिक्षणासाठी स्वतः घेतलेले हवे, आणि शिक्षण इंजिनिअरिंग, वैद्यकीय, व्यवस्थापन किंवा पदव्युत्तर विज्ञान यांपैकी. २००५-०६ या आर्थिक वर्षापासून मुद्दलाची वजावट गेली, पण व्याजावरची कमाल मर्यादा उठली. परतफेड सुरू झाल्यापासून आठ वर्षे, जेवढे व्याज तेवढी वजावट. २००७ साली पती-पत्नी व मुलांसाठी काढलेल्या कर्जाचा समावेश झाला. २००९ साली बारावीनंतरचे सगळे अभ्यासक्रम, व्यवसाय शिक्षणासह, त्यात आले. आमच्या भागातल्या मुलाने नर्सिंग केले काय किंवा कला शाखेत एम.ए. केले काय, कायद्याला दोन्ही सारखेच झाले. ही चांगलीच सुधारणा म्हटली पाहिजे.

फीच्या पावतीला मान मिळाला तो २००३ साली. जसवंत सिंह यांच्या अर्थसंकल्पात दोन मुलांपर्यंत, प्रत्येकी बारा हजार रुपयांची शिक्षण फी तेव्हाच्या कलम ८८ मध्ये धरली गेली. २००५ साली कलम ८० सी आले आणि फी त्यात सामावली. एकूण मर्यादा एक लाख, २०१४ पासून दीड लाख. पण या दीड लाखात फी एकटी नाही. भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता, घरकर्जाचे मुद्दल, सगळेच त्याच पोतडीत. कितीतरी कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड आणि विमा मिळूनच पोतडी भरत आलेली असे, मग फीच्या पावतीला जागा कुठली उरायची?

आता ही वजावट नेमकी काय देते ते पाहू. समजा, वीस हजार रुपये फी भरली. जुन्या पद्धतीत वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा चार टक्के उपकर धरून ४,१६० रुपये कर वाचतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्याचा ६,२४० रुपये. आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्या खलाशाचा, त्या वीटभट्टीवरच्या मजुराचा? शून्य. फी तीच, पावतीही तीच. ज्याची कमाई जास्त त्याला परतावा जास्त, आणि सगळ्यात गरजवंत माणूस रांगेच्या बाहेर.

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींना हा प्रकार वेगळा दिसेल. तिथे १९९७ साली कॉलेजच्या खर्चासाठी करातूनच थेट सूट सुरू झाली. २००९ साली तिचे रूप बदलले. आता एका विद्यार्थ्यामागे जास्तीत जास्त अडीच हजार डॉलर, आणि त्यातले हजार डॉलरपर्यंत, कर लागत नसला तरीही, रोख परत मिळू शकतात. उत्पन्नाची वरची मर्यादाही आहे. म्हणजे ती सूट खालच्या माणसापर्यंत थोडी तरी पोचते. आपल्या प्राप्तिकराने असा मार्ग कधी धरला नाही.

वजावटीत काय बसते आणि काय नाही, हेही दातिवऱ्याच्या अंगणातून पाहण्यासारखे आहे. फक्त शिक्षण फी, म्हणजे ट्यूशन फी. तीही भारतातल्या संस्थेला, पूर्णवेळ शिक्षणासाठी भरलेली. डेव्हलपमेंट फी नाही, देणगी नाही. वसतिगृह, पुस्तके, खासगी क्लास यांचे नाव नाही. आमच्या मुलांनी पालघरच्या दांडेकर कॉलेजात जायचे तर पहाटे एस.टी.ने सफाळे गाठायचे आणि तिथून गाडी. मुंबईकडे शिकायचे तर वैतरणेच्या पुलावरून विरार, आणि पुढची धक्काबुक्की. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा जरा हायसे वाटले. पण कला शाखेच्या मुलाला सरकारी अनुदानित कॉलेजात फी थोडी आणि प्रवास, खाणे, राहणे यांचाच खर्च मोठा असतो. त्या मोठ्या खर्चाला कायद्यात रकानाच नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कारखान्यात माझ्यासमोर ठेवल्या जाणाऱ्या फीच्या पावत्यांत काही पावत्या मला बाजूला काढाव्या लागत. फी खरी, भरलेली खरी, भरणाराही खरा. फक्त विद्यार्थ्याशी नाते ‘भाऊ’ किंवा ‘बहीण’. कलम ८० सी सांगते, करदात्याची स्वतःची दोन मुले. आई कमावती असेल तर तीही स्वतंत्रपणे दोन मुलांची फी दाखवू शकते, हे बहुतेकांना माहीत नसते. पण बहिणीची फी नाही, पुतण्याची नाही. इतकेच काय, रात्री अभ्यास करून स्वतः पदवी घेणाऱ्याची स्वतःची फीसुद्धा नाही. कर्जाच्या कलमातही स्वतः, पती-पत्नी, मुले आणि ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोत तो विद्यार्थी, एवढेच. शिवाय कर्ज बँकेचे किंवा मान्यताप्राप्त वित्तीय वा धर्मादाय संस्थेचे हवे. सोनाराकडची बांगडी आणि व्यापाऱ्याची उचल तिथे चालत नाही.

एकदा एक तरुण कामगार मला म्हणाला, “काका, बापाला दर्या मानवत नाही आता. तिची फी मीच भरतो. मग बाप कोण?” मी त्याला नियम दाखवला. नियमात त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

बाप थकलेला किंवा नसलेला, थोरला भाऊ दहावी-बारावीनंतर तारापूर एम.आय.डी.सी.त लागलेला, आणि त्याच्या पगारावर धाकटी बहीण बी.एस्सी. करते आहे, हे आमच्या पट्ट्यातले अगदी नेहमीचे चित्र. प्राप्तिकराला एकत्र कुटुंब ठाऊक नाही असेही नाही. हिंदू अविभक्त कुटुंब हा तर या कायद्यातला स्वतंत्र करदाता आहे. पण ती सोय वडिलोपार्जित मालमत्ता असणाऱ्यांच्या कामाची. फीच्या वजावटीसाठी कायद्याने धरलेले कुटुंब म्हणजे आई-बाप आणि दोन मुले, एवढेच. १९३० साली भावाने शिकवल्याचा हिशेब मालमत्तेच्या वहीतून गेला. २००३ साली नवी वही उघडली, तिच्यातही भावाचे नाव लिहायला ओळ ठेवलेली नव्हती.

आणि या वहीचीच पाने आता मिटत चालली आहेत. २०२० साली नवी करपद्धत आली. दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत. ८० सी नाही, ८० ईसुद्धा नाही. २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धत धरली जाते. जुनी हवी असेल तर तसे सांगावे लागते. २०२५-२६ या वर्षापासून नव्या पद्धतीत, विशेष दराची उत्पन्ने सोडून, बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही. १९६१च्या कायद्याची जागा घेणारा २०२५चा नवा प्राप्तिकर कायदा संसदेने संमत केला आणि त्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. कलमांचे जुने आकडे त्यात बदलले आहेत.

यात वाईट काय, असे कोणी विचारेल. पावत्या नकोत, कटकट नको. खरे आहे. नोकरदार भावाला कमी दराचा फायदा मिळतोच, आणि तो फी कोणाची भरतो हे विचारले जात नाही. पण मग शिक्षणाच्या खर्चाला करात वेगळा मान राहत नाही. फी भरणारा आणि न भरणारा सारखेच. शिक्षणाच्या नावाचा उपकर मात्र राहिला. २००४ साली दोन टक्के, २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक, २०१८ पासून आरोग्य धरून चार टक्के. लोकल फंडाच्या एक आण्याशी त्याचे नाते उघड आहे. आणि फुल्यांचा प्रश्न जिथल्या तिथे आहे: पट्टी सगळे देतात, ती पोचते कोणापर्यंत?

माझ्या मते खालच्या माणसासाठी उत्तर करात शोधण्यात अर्थ नाही. ते ई.बी.सी.च्या वाटेवर आहे. फी भरण्याआधी ओझे उतरवणारी ती योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालू आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा आठ लाखांपर्यंत आली आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांच्या आतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने निवडक संस्थांसाठी तारणाशिवाय कर्जाची विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. या सवलतींना करदाता असण्याची अट नाही. पण उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेले खाते हे कागद लागतात, आणि ते जूनमध्ये धावपळ करून मिळत नाहीत. मासळीबंदीच्या आधी, एप्रिल-मेमध्येच तहसील कार्यालयाची फेरी झाली पाहिजे.

ज्यांना कर लागतो त्यांनी दोन्ही पद्धतींनी आकडा मांडून पाहावा. मोठे शैक्षणिक कर्ज असेल तर व्याजामुळे कधी जुनी पद्धत फायद्याची ठरते. कर्ज काढतानाच ते कोणाच्या नावावर असावे याचा विचार करावा, कारण वजावट कर्ज घेऊन ते स्वतःच्या करपात्र कमाईतून फेडणाऱ्याला मिळते. बहिणीच्या शिक्षणाचे कर्ज तिच्याच नावावर घेतले, तर उद्या ती कमवू लागल्यावर व्याजाची वजावट निदान तिला तरी घेता येते.

आणि ज्या भावांना कुठल्याच कलमात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगेन. फीच्या पावत्या फेकून देऊ नका. करात त्यांचा उपयोग नसेल. पण एखाद्या दिवशी या किनाऱ्यावर शिक्षण कसे आले याचा इतिहास कोणी लिहायला बसला, तर त्याला सरकारी आकड्यांपेक्षा त्या पावत्यांच्या मागच्या नावांतून जास्त कळेल.